बंद स्कूटरवरचा आकडा

"मारा ना भाऊ तो सोल्डर, काहून एवढा विचार करता?" ठवकर साहेब माझ्या पाठीमागं उभे राहून म्हणाले.

मी बर्फावर चालणाऱ्या दोन नंबरच्या स्कूटरपाशी उकिडवा बसलो होतो. एका हातात सोल्डरिंगची गन, दुसऱ्या हातात जुन्या रेडिओतून काढलेला, तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा रेझिस्टर. गॅरेजमध्ये उणे नऊ तापमान होतं. थंडीची एव्हाना सवय झाली होती.

"साहेब, मोहंती सरांनी साफ सांगितलंय. स्कूटर उभी ठेवायची. जुगाड करायचा न्हाई."

"अन् जहाज केव्हा येणार?"

"तीन आठवडं."

"तीन आठवड्यांत माझ्या काठ्या बर्फाखाली जाईन, भाऊ. मग काय, मी इथे भजी तळाले आलो काय?"

हे सगळं अंटार्क्टिकावरचं. मी फौजेतला हवालदार मेकॅनिक, जोतिराम खबाले, गाव कराडच्या अलीकडं. संशोधन केंद्रावरच्या गाड्या आणि जनरेटर सांभाळायला मला वर्षभरासाठी धाडलं होतं. केंद्रावर आम्ही तेवीस माणसं, प्रमुख मोहंती सर. त्यांत मराठी बोलणारे दोघंच, मी आणि नागपूरचे हेमराज ठवकर. ते बर्फात बारा किलोमीटर लांबवर काठ्या रोवून बर्फ किती वाढला, किती सरकला ते मोजायचे. विद्वान माणूस, पण माझ्याशी बोलताना कधी विद्वत्ता पाजळली नाही. त्यांच्याशी मराठीत चार शब्द बोलल्याशिवाय मला जेवण गोड लागत नसे. म्हणून तर त्यांचा शब्द मोडवेना.

दुखणं असं होतं. या स्कूटरच्या सायलेन्सरमध्ये बोटाएवढा एक सेन्सर बसवलेला असतो. आतला धूर किती तापलाय ते तो सांगतो आणि हँडलसमोरच्या काचेवर आकडा उमटतो. धूर फार तापला तर गाडीतला कॉम्प्युटर इंजिनाचा वेग दाबून ठेवतो, पिस्टन जळू नये म्हणून. दोन नंबरचा सेन्सर बिघडला होता. इंजिन थंडगार असताना काचेवर नऊशेचा आकडा दिसायचा, आणि घाबरलेली गाडी चालत्या माणसाच्या वर वेग घेत नव्हती. त्या चालीनं बारा किलोमीटर जाऊन यायचं म्हणजे दिवस मोडायचा. एक नंबरची स्कूटर आणीबाणीसाठी राखीव होती, तिला हात लावायचा नाही असा नियम होता.

उपाय माझ्या हातात होता. सेन्सरची वायर सोडवून तिच्या जागी रेझिस्टर जोडला, की कॉम्प्युटरला वाटणार सगळं ठीक आहे. पिस्टनची काळजी मी कानानं घेतली असती, तेवढा कान मला होता.

मी सोल्डर मारला. चावी फिरवली. काचेवर आकडा आला, तीनशे दहा. इंजिन अजून सुरूही केलं नव्हतं. सायलेन्सरला बोट लावलं तर कातडी चिकटली, इतका तो गार. आणि काचेवर तीनशे दहा, हलत नाही की डुलत नाही.

"झाली की बरी!" साहेबांनी टाळी वाजवली.

"बरी झाली न्हाई साहेब. खोटं बोलाय शिकली."

ते खळखळून हसले. मलाही हसू आलं, पण त्या आकड्याकडं मला फार वेळ बघवेना. झोपलेल्या माणसाचे डोळे उघडे असावेत तसं वाटत होतं. मी चावी बंद केली.

गॅरेजमध्ये एक वही टांगलेली असे. कुठल्याही यंत्राला काहीही केलं, साधा नट बदलला तरी त्यात लिहायचं, खाली सही करायची. केंद्रावर ही वही म्हणजे पोथीच. मी ती हातात घेतली, पेनाचं टोक तोंडातल्या वाफेनं गरम केलं आणि पुन्हा खिशात घातलं. लिहिलं असतं तर मोहंती सरांनी त्याच दिवशी वाचलं असतं. मनाशी म्हटलं, तीन आठवड्यांचा तर प्रश्न आहे, नवा सेन्सर आला की सगळं होतं तसं करून टाकू. वही खुंटीला परत अडकवली आणि सरांना तोंडी एवढंच सांगितलं, की सेन्सर आपोआप ताळ्यावर आला.

संक्रांतीच्या दिवशी मी घरून आणलेल्या तिळाचे लाडू वळले. मोजून तेवीस. एवढ्या लांब आईनं दिलेले तीळ पोचले होते याचंच मला अप्रूप. आचाऱ्याला दुपारीच बजावलं, संध्याकाळच्या जेवणाला एकेकाच्या हातात मी स्वतः देणार, कुणी आधी डबा उघडायचा नाही.

दुपारी दोनच्या सुमाराला दोन नंबरची स्कूटर परत आल्याचा आवाज मी जनरेटरच्या खोलीतून ऐकला. आवाज स्वच्छ होता, पिस्टन ठणठणीत. मी खूश होऊन कामाला लागलो. त्या दिवशी एका जनरेटरनं असा छळ मांडला होता, की सहा वाजेपर्यंत मी तिथून डोकं वर काढलं नाही.

साडेतीनला बाहेर पांढरं झालं. ज्यानं ते पाहिलं नाही त्याला काय सांगावं? अंटार्क्टिकाच्या जानेवारीत सूर्य मावळत नाही, त्यामुळं अंधार असा नसतोच. पण ढग खाली उतरले आणि वाऱ्यानं बर्फाचा भुगा उडवायला सुरुवात केली, की उजेड चारी बाजूंनी सारखाच येतो. सावली जाते. जमीन कुठं संपली आणि आभाळ कुठं सुरू झालं ते कळत नाही. पुढं टाकलेलं पाऊल खड्ड्यात पडणार की चढावर, तेही कळत नाही. लख्ख उजेडात माणूस आंधळा होतो. अंधाराला मी लहानपणी भ्यालो असेन, पण या उजेडाला मी आजही भितो.

अशा वेळी मोजणीचा नियम होता. केंद्राच्या दाराशी एक फळी होती. डावीकडं 'आत', उजवीकडं 'बाहेर', आणि प्रत्येकाच्या नावाचा पितळी बिल्ला. बाहेर जाताना आपला बिल्ला उजवीकडं लावायचा, आलं की डावीकडं. मोजणीला मोहंती सर फळीपुढं उभे राहिले तेव्हा बावीस बिल्ले आत होते, ठवकर साहेबांचा बाहेर. त्यांनी रेडिओवाल्या कुरियनला गॅरेजमध्ये पिटाळलं. कुरियन परत आला, त्यानं काहीतरी सांगितलं, आणि सरांनी स्वतःच्या हातानं साहेबांचा बिल्ला डावीकडं सरकवला. साहेब विसराळू, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. यातलं मला काहीच माहीत नव्हतं.

सहाला मी हात धुऊन जेवायला बसलो. लाडवांचं ताट घेऊन सगळ्यांपुढून फिरलो. तिळगूळ घ्या म्हणजे काय बोलायचं ते मी सगळ्यांना शिकवलं होतं. ओडिया, मल्याळी, पंजाबी तोंडांतून ते गोड बोलणं ऐकताना आम्ही हसून बेजार झालो. फिरून जागेवर आलो तर ताटात एक लाडू उरला होता.

"ठवकर साहेब कुठायत?" मी विचारलं. बोलणं हिंदीत चाललं होतं, मी इथं आपल्या भाषेत सांगतोय.

"झोपले असतील," आचारी म्हणाला. "सकाळपासून बाहेर होते."

"आलेत ना पण?"

"आलेत आलेत," कुरियन लाडू चावत म्हणाला. "मी स्वतः बघून आलो. स्कूटर जागेवर आहे. साडेतीनला मी चावी फिरवून पाहिलं, सायलेन्सर तीनशे दहावर. म्हणजे पाच मिनिटांपूर्वीच आले असणार. पट्टा, रेडिओ, सगळं सीटवर काढून ठेवलं होतं. मला वाटतं अंघोळीला गेले."

माझ्या हातातलं ताट मी टेबलावर ठेवलं.

त्याचं काही चुकलं नव्हतं. चांगला सेन्सर असता तर इंजिन बंद झाल्यावर आकडा उतरत उतरत तासाभरात बाहेरच्या थंडीला आला असता. तीनशे दहा याचा अर्थ केंद्रावरचं शेंबडं पोरही सांगेल, गाडी आत्ताच आली. हातमोजा काढून सायलेन्सरला हात लावायची गरज कुणाला वाटेल? पण स्कूटर दोनला आली होती. मी कानांनी ऐकली होती. आणि साडेतीनला काय, साडेतीन वर्षांनी बघितलं असतं तरी तिच्यावर तीनशे दहाच असता.

त्या क्षणी मी बोलायला हवं होतं. टेबलाशी मोहंती सर बसले होते, डॉक्टर बैजल बसल्या होत्या, बावीस माणसं तिथंच होती. एक वाक्य पुरेसं होतं. ते माझ्या तोंडात आलंही. पण बाहेर पडलं ते दुसरंच.

"मी खोलीत बघून येतो."

खोलीत साहेब नव्हते. अंथरूण सकाळी घातलेल्या घडीचं तसंच. न्हाणीघर कोरडं. वाचायच्या खोलीत कुणी नाही. हे असंच असणार, हे मला जेवणाच्या टेबलावरच कळलं होतं. तरी मी प्रत्येक दार उघडून बघत होतो, आणि त्याच वेळी डोक्यात दुसराच हिशेब चालला होता. तो सांगताना मला आजही लाज वाटते. मला गॅरेजमध्ये जाऊन तो रेझिस्टर काढून टाकायचा होता. आधी तो काढायचा, मग ओरडायचं. मग कुणाला कधी कळलं नसतं.

गॅरेजच्या पत्र्यावर वाऱ्यानं भुगा घासत होता. दिव्याची गरज नव्हती, खिडकीतून तो मेलेला पांढरा उजेड आत आला होता. साहेबांचा पट्टा, चाकू, रेडिओ आणि घड्याळ सीटवर नीट ओळीनं मांडून ठेवलं होतं. ही काही अंघोळीची तयारी नव्हती. केंद्रापासून सातशे मीटरवर एक लाकडी खोपटं होतं, पृथ्वीचं चुंबकत्व मोजायचं. त्याच्या आसपास लोखंड न्यायचं नाही. गाडी तर नाहीच, पट्ट्याचं बक्कलसुद्धा नाही. त्या खोपट्यातल्या यंत्राच्या नोंदी घ्यायची पाळी त्या आठवड्यात ठवकर साहेबांची होती. ते स्कूटर लावून पायी तिकडं गेले होते. बिल्ला बाहेर होता, कारण माणूस बाहेरच होता. त्या दिवशी एकदाच ते बिल्ला विसरले नव्हते, आणि आम्ही तो सरकवला होता.

तरी माझा हात आधी स्कूटरच्या झाकणाकडंच गेला. झाकण उघडलं. रेझिस्टरचा एक पाय सोल्डरमधून सुटून लोंबत होता. कुरियननं बघितल्यानंतर कधीतरी सुटला असणार. म्हणजे आता काचेवर काहीच दिसायला नको, नुसत्या आडव्या रेघा. का कोण जाणे, मी चावी फिरवली.

काचेवर चौतीस आला.

मी वायर हातात धरून बघितली. कशालाच जोडलेली नव्हती. सायलेन्सरला हात लावला, कातडी चिकटली. गॅरेजच्या भिंतीवरचा पारा उणे नऊवर होता. आणि काचेवर चौतीस. मी टिचकी मारली. आकडा हलला नाही. मी झाकण लावायला खाली वाकलो आणि पुन्हा वर बघितलं, तर तेहतीस.

त्या आकड्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही, देवाशपथ लागला नाही. एवढंच कळलं, की काहीतरी माझ्यादेखत कमी होत चाललंय आणि मी इथं स्वतःची अब्रू वाचवायला उभा आहे. मी पळत सुटलो. भिंतीवरच्या घड्याळाकडं नजर गेली. टेबलावरून उठून मला दहा मिनिटं झाली होती.

"सर, तो आकडा खोटा आहे," जेवणघराच्या दारातूनच मी ओरडलो. "मी घातलाय तो. स्कूटर दोनला आली. साहेब खोपट्याकडं चालत गेलेत, रेडिओ इथंच आहे. चार तास झाले सर."

मोहंती सर उठले. मला वाटलं मारतात की काय. पण ते कुरियनला म्हणाले, "दोर काढ." मग माझ्याकडं वळून, "तू पुढं राहा. वाट तुझ्या पायाखालची आहे."

मी आणि कुरियननं एकमेकांना एका दोरानं बांधून घेतलं आणि आम्ही बाहेर पडलो. खोपट्यापर्यंत बांबूचे खांब रोवून त्यांना दोर बांधलेला होता, पण मधला दोर भुग्याखाली गेला होता. मागं केंद्राच्या दाराशी सर रिकामं पिंप बडवत होते, आम्हाला दिशा कळावी म्हणून. दहा पावलांवर ते पिंप समोरून वाजतंय असं वाटायला लागलं. कुरियन माझ्यापासून हातभर अंतरावर होता. त्याचे बूट दिसत, चेहरा दिसत नसे. त्या पांढऱ्यात मला दोनदा स्कूटर चालू असल्याचा आवाज आला, संथ धडधड, दोन नंबरचीच. मी थांबलो.

"तुला ऐकू आलं?"

"काय?" कुरियन म्हणाला. "पिंप?"

"काही न्हाई. चल."

खोपट्यात साहेब नव्हते. नोंदवहीत त्यांची सही होती, वेळ तीन वाजून वीस मिनिटं. म्हणजे निघाले ते त्या पांढऱ्यातच सापडले. परतताना नवव्या खांबापाशी, जिथून दोर गाडला गेला होता, तिथं कुरियन खांबाला धरून उभा राहिला आणि मी दोराच्या टोकाला जाऊन अर्धं वर्तुळ फिरलो. काही नाही. दुसऱ्या बाजूला फिरलो. तिथं तो धडधडीचा आवाज पुन्हा आला, अगदी जवळून, आणि मी तिकडं तोंड करून चाललो. पायाला काहीतरी मऊ लागलं.

ते बसले होते. पाय लांब करून, मान किंचित मागं टाकून, खुर्चीला टेकावं तसे टेकून. मागं काहीच नव्हतं. छाती, मांड्या, टोपी, सगळ्यावर बर्फ साचला होता. मी त्यांना काखेत धरून उचललं, तर पाठ कोरडी. जाकिटाच्या पाठीवर भुग्याचा कण नव्हता. तो आवाज थांबला होता.

डॉक्टर बैजल यांनी थंडीनं गारठलेल्यांसाठीचा वेगळा थर्मामीटर लावला, तेव्हा मी साहेबांचे बूट कापत होतो.

"एकोणतीस," त्या म्हणाल्या.

मी बूट कापायचं सोडून त्यांच्याकडं बघत राहिलो.

"बघतोस काय, कात्री चालव."

माझं काम संपल्यावर मला तिथून बाहेर काढलं. मी सरळ गॅरेजमध्ये गेलो. चावी तशीच फिरवलेली राहिली होती. काचेवर एकोणतीस. त्या घटकेला सगळा उलगडा झाला. मी तिथं डबा उलटा घालून बसलो, एका खोक्याचा पुठ्ठा फाडून घेतला आणि वेळ आणि आकडा लिहीत गेलो. एकोणतीस बराच वेळ हलेना. मी त्या स्कूटरला हात जोडले. जोतिबाचं नाव घेतलं, आईचं घेतलं, मोठ्यानं रडलो. मग तीस आला. मग बऱ्याच वेळानं एकतीस. बाहेर वारा पडला होता, खिडकीतून खरं, पिवळं ऊन आलं आणि स्कूटरची सावली जमिनीवर पडली. पस्तीस आला तेव्हा कुरियन मला शोधत दारात उभा राहिला.

"पस्तीस झालं, शुद्धीवर आले," तो म्हणाला. मग त्याची नजर काचेवर गेली. गळ्यातला क्रूस त्यानं मुठीत धरला आणि आल्या पावली निघून गेला.

सदतीसला पोचल्यावर आकडा पुसला गेला. काचेवर रेघा आल्या. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांच्या कागदाशी मी माझा पुठ्ठा ताडून बघितला. मिनिटाचाही फरक नव्हता.

वहीत मी सगळं लिहिलं, खाली सही केली. रेझिस्टर लिहिला, तारीख लिहिली. त्याबद्दल माझ्या कागदांवर लाल शेरा पडला आणि पुढं बढती हुकली, ते योग्यच झालं. दहा मिनिटांचं मात्र लिहिलं नाही. तेवढ्यासाठी वहीत रकाना नव्हता, असं मी स्वतःला सांगत आलो.

साहेबांच्या डाव्या पायाची तीन बोटं गेली. डॉक्टर माझ्यादेखत म्हणाल्या होत्या, "दहा-पंधरा मिनिटं आधी आणलं असतं तर बोटं वाचली असती."

आठवड्यानं ते उशीला टेकून बसायला लागले. मी त्यांच्यासाठी राखलेला लाडू घेऊन गेलो आणि त्यांना आकड्यांचं सांगितलं. ते हसतील असं वाटलं होतं. हसले नाहीत.

"भाऊ, वाट चुकलो हे मले कळलं होतं," ते हळू आवाजात म्हणाले. "आणखी शंभर पावलं चाललो असतो तर मेलोच असतो. पण तुमची स्कूटर ऐकू आली ना. आली अन् मागेच उभी राहिली, धडधड करत. सायलेन्सरची ऊब पाठीले लागत होती. म्हटलं, जोतिरामभाऊ आले, आता बसून घेऊ दोन मिनिटं."

"साहेब, स्कूटर गॅरेजमध्ये होती. बंद."

"असन बाप्पा. तुम्ही म्हणता तर असन."

जहाज आलं, नवा सेन्सर बसला. जुना मी कुणाला न विचारता पत्र्याच्या डबीत घालून घरी आणला. फौजेतून सुटल्यावर कराडजवळ एका डेअरीत मशीन दुरुस्तीचं काम धरलं. एका संक्रांतीला साहेबांचा नागपूरहून फोन आला. चेष्टेत म्हणाले, "भाऊ, तो सेन्सर आहे ना तुमच्याजवळ? बघा बरं, मी जिता आहो का?" मीही चेष्टेतच तो शीतगृहाच्या जुन्या मीटरला जोडला. छत्तीस पूर्णांक आठ. बाहेर थंडी होती. मी आकडा सांगितला.

मीटर मग मी माझ्या खोलीत भिंतीवरच लावला. वैशाखात छपरातून आग ओतायची, पावसाळ्यात भिंती ओलावायच्या, काट्याला फिकीर नव्हती. एकदा साहेबांना मलेरिया झाला तेव्हा एकशेतीन ताप होता म्हणे. माझ्याकडं तीन दिवस एकोणचाळीसवर होता. दर संक्रांतीला फोन यायचा. "आकडा सांगा ना भाऊ." मी सांगायचो. ते लंगडत लंगडत घरभर फिरून मुलीला ओरडून सांगायचे, ते मला ऐकू यायचं. आणि दर वर्षी मी ठरवायचो, यंदा त्या दहा मिनिटांचं सांगायचं. एकोणीस संक्रांती अशाच गेल्या.

गेल्या डिसेंबरात एका सकाळी चहाचा कप हातात घेऊन मी खोलीत आलो. मीटरवर अकरा होता. मी शेजारी टांगलेल्या साध्या थर्मामीटरकडं बघितलं. अकरा.

वायरी बघितल्या, चांगल्या घट्ट होत्या. सेन्सर तळहातावर घेतला. लोखंड जसं गार असतं तसाच गार. इतक्या वर्षांत तो मला कधी तसा लागला नव्हता.

कप तिथंच ठेवला. सेन्सर खिशात घातला, पिशवीत दोन कपडे कोंबले, बायकोला फक्त "नागपूरला निघालो" एवढं बोललो. ती म्हणाली, "अवो, च्या तरी घ्या. फोन करून तरी इचारा." या खेपेला मी दहा मिनिटं थांबलो नाही.

कराडच्या स्टँडवर पुण्याची गाडी लागत होती तेव्हा फोन वाजला. साहेबांची मुलगी, अश्लेषा.

"काका, कुठे आहात? बसून घ्या जरा, तुम्हाला सांगायचं होतं..."

"स्टँडवर हाय, बाळ. तिकडंच निघालोय."

ती रडू आवरत म्हणाली, "पण काका, आम्ही तर अजून कोणालेच सांगितलं नाही."

पुण्याला गाडी बदलून नागपूर म्हणजे दिवसभराची आणि रातभराची वाट. मी खिडकीपाशी बसलो, सेन्सर मुठीत धरला आणि त्या दहा मिनिटांचं सगळं साहेबांना सांगितलं. कुठली दारं उघडली, कुठल्या दारापाशी उगीच थांबलो, झाकणाकडं हात का गेला, काही राखून ठेवलं नाही. शेजारचा माणूस माझ्याकडं बघत होता, बघू दे म्हटलं. सांगून झाल्यावरही मूठ सोडली नाही. नागपूर येईपर्यंत माझ्या हाताची ऊब काही त्याला लागली नाही.